परक्या देशावरचे आक्रमण आणि आपण



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे झाली, तेव्हा एका तरुण श्रोत्याने विचारले होते, "सर, युक्रेनमध्ये काय चाललंय ते आम्ही मोबाइलवर रोज बघतो. वाईट वाटतं. पण चाकणच्या प्लांटमध्ये आठ तास लाइनवर उभं राहणाऱ्या माणसानं त्याचं करायचं काय? आणि आपलं सरकारच तटस्थ आहे म्हटल्यावर आपण कोण?" त्या दिवशी वेळ नव्हता, म्हणून आजचे सगळे व्याख्यान त्या प्रश्नासाठी ठेवले आहे. खरे तर हे दोन प्रश्न आहेत. 'काय करायचे' हा एक, आणि 'आपण कोण' हा दुसरा. आम्हाला दुसरा जास्त अवघड वाटतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

आधी एक गैरसमज दूर करू या. हे युद्ध लांबचे आहे, असे आपण म्हणतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले आणि पुढच्या काही दिवसांत जर्मनीतल्या फोक्सवॅगनच्या असेंब्ली लाइन थांबल्या. का? तर हार्नेस येईना. गाडीतल्या वायरिंगची ती जुडगी, तुमच्यातल्या अनेकांच्या हाताखालून रोज जाते. पश्चिम युक्रेनमध्ये हे हार्नेस हाताने बांधणारे कारखाने होते आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने काम करत. म्हणजे बॉम्ब तिकडे पडला आणि लाइन दुसऱ्या देशात बंद पडली. या पट्ट्यातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पण इथेच थांबून एक फरक करायला हवा. हार्नेसमुळे जे नाते कळते ते हितसंबंधांचे नाते आहे. माझी लाइन थांबली म्हणून मला त्या बाईची आठवण आली. उद्या हार्नेस दुसऱ्या देशातून यायला लागले की आठवण संपली. हितसंबंध खोटे नसतात, पण त्यांतून कर्तव्य निघत नाही. ज्या देशाशी आपला काडीचा व्यापार नाही, तिथल्या मुलाच्या अंगावर भिंत पडली तर त्याचे आपल्यावर काही येणे लागते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आता 'आपण कोण'. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण होतो. यावर आपल्याकडे दोन पक्ष पडले. एक म्हणतो, राष्ट्रहित आधी. शस्त्रे, तेल, जुनी मैत्री, सगळे बघावे लागते. दुसरा म्हणतो, ही नैतिक माघार आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले तर एक गोष्ट समान सापडते. जे काही करायचे ते दिल्लीने करायचे, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. सरकारने मत दिले नाही म्हणून एक निर्धास्त आणि दुसरा नाराज, पण हात दोघांचेही खिशात.

हे गृहीतक तपासायला आम्ही तुम्हाला १९३८ मध्ये नेतो. तेव्हा आपल्याला परराष्ट्र धोरण नव्हतेच. परराष्ट्र खाते लंडनचे, सैन्य लंडनचे, राष्ट्रसंघातले आपले मतही लंडनच्या मर्जीचे. आणि अशा देशाने आक्रमण झालेल्या दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने चाल केली. डिसेंबरात नानजिंग पडले आणि तिथे नागरिकांची जी कत्तल झाली तिच्याबद्दल तुम्ही वाचले असेल. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहिले. आमच्याकडे जखमी खूप, डॉक्टर जवळजवळ नाहीत, वैद्यकीय मदत पाठवा, असा त्याचा आशय. बघा, ठराव मागितला नव्हता. शस्त्रक्रिया करू शकणारी माणसे मागितली होती.

फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने जपानी मालावर बहिष्काराचे आवाहन केले. हे आवाहन आज फुकटचे वाटते, पण तसे नव्हते. आपल्या कच्च्या कापसाचे त्या काळातले फार मोठे परदेशी गिऱ्हाईक जपान होते. आपण त्यांचा कापूस घ्यायचा आणि त्यांनी आपले कापड, असा करारच १९३४ मध्ये झाला होता. क्षमा करा, उलटे बोललो; कापूस आपला आणि कापड त्यांचे. तेव्हा जपानी कापड घेऊ नका म्हणणे म्हणजे वऱ्हाड-खानदेशातल्या कापूसवाल्याच्या पोटावरही थोडा भार टाकणे होते. तो भार कोणी किती उचलला हा वेगळा विषय. पण परक्या देशावरचा अन्याय आणि आपल्या शेतकऱ्याचा भाव हे एकाच ताजव्यात असतात, हे तेव्हाही स्पष्ट होते.

काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी निधीचे आवाहन केले. देशभर वर्गणी झाली, सुमारे २२ हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका घेतली आणि पाच डॉक्टर निवडले. अलाहाबादचे अटल प्रमुख. ते त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आले होते. नागपूरचे चोळकर, वयाने सर्वात ज्येष्ठ. कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय वर्षे २७, मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून हे पाचजण निघाले.

कोटणीसांची गोष्ट व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या सिनेमामुळे आपल्या घराघरात पोचली. सिनेमाचे उपकार आहेतच. पण सिनेमाने त्यांना असे काही अमर केले की ते माणूस म्हणून दिसेनासे झाले. आम्हाला त्यांच्या आयुष्यातली तीन-चार साधी तथ्ये जास्त बोलकी वाटतात.

पहिले म्हणजे सोलापूर. १९३० मध्ये त्या शहरात लष्करी कायदा होता आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. आपल्या गावात परक्या सत्तेचे सैन्य रस्त्यावर उतरले म्हणजे काय होते, हे कोटणीसांच्या पिढीला पुस्तकातून कळलेले नव्हते. म्हणून हिंदुस्थानच्या गुलामीतून चीनचा प्रश्न त्यांना परका वाटला नाही, असे आम्ही म्हणू.

दुसरे, वडिलांचे निधन. कोटणीस चुंगकिंगला पोचले होते, येनानला निघायच्या बेतात होते, तेव्हा घरून वडील गेल्याची बातमी आली. सोबत्यांनी परत जा म्हणून सांगितले. ते गेले नाहीत. आता, आपल्याकडे मुलाने अशा वेळी घरी न जाणे म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. याची कोणी फक्त वाहवा करू नये. मागे घर होते, त्या घराचाही हक्क होता. दूरच्याचे कर्तव्य करताना जवळच्याचे कर्तव्य कापले जाते, आणि तो हिशेब कुठलेही तत्त्वज्ञान पूर्ण जुळवून देत नाही. पाचांपैकी चोळकर आणि मुखर्जी आधी परतले, त्यांनाही कोणी कमी लेखू नये.

तिसरे, भाषा. कोटणीस चिनी शिकले. नुसती बोलण्यापुरती नाही, विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. १९४१ च्या जानेवारीत त्यांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक. जखमीवर शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्तात विष पसरले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते तिथेच गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी सोलापूरच्या मुलाकडे आली. हे रुग्णालय म्हणजे इमारत असेल असे समजू नका. शत्रू आला की खाटा, औषधे, जखमी सगळे उचलून पुढच्या खेड्यात जायचे. एका लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या असे सांगितले जाते. आम्हाला त्या ७२ तासांपेक्षा त्यांनी शिकवून तयार केलेली माणसे महत्त्वाची वाटतात. मदत करणारा गेल्यावरही चालू राहते ती मदत त्या माणसांच्या हातात होती.

तिथेच क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या तरुणीशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव ठेवले यिनह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

आता यातली खरी अवघड बाजू घेऊ, जी शाळेच्या पुस्तकात येत नाही. कोटणीस तटस्थ डॉक्टर म्हणून राहिले नाहीत. आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले, तिचा गणवेश घातला, १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. मदत करणाऱ्याने बाजू घ्यावी का? रेडक्रॉसचे उत्तर आहे, घेऊ नये. कारण बाजू घेतली की दुसऱ्या बाजूच्या जखमीपर्यंत पोचता येत नाही आणि युद्धकैद्याची भेट मिळत नाही. हे उत्तर शहाणपणाचे आहे आणि जगाला रेडक्रॉस हवाच. पण सगळ्यांनीच रेडक्रॉस व्हायचे ठरवले तर आक्रमकाला आक्रमक म्हणणारा कोणीच उरणार नाही.

इथे पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाचा उल्लेख करावा लागेल. त्यांचा एक निबंध तत्त्वज्ञानाच्या वर्गांत जगभर शिकवला जातो. त्यातला दाखला साधा आहे. तुम्ही तळ्याकाठून चालला आहात, एक लहान मूल बुडते आहे. कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग ते मूल हजारो मैलांवर बुडत असेल तर काय फरक पडतो? फार लोकांना हे माहीत नसते की हा निबंध कुठल्या पुस्तकी उदाहरणावर लिहिलेला नाही. तो नोव्हेंबर १९७१ मध्ये, पूर्व बंगालातून भारतात येणाऱ्या निर्वासितांचे हाल डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. आपल्या दारात घडलेल्या गोष्टीवरून तो युक्तिवाद उभा राहिला.

सिंगर यांचा युक्तिवाद आम्ही अनेक वर्षे शिकवला आणि अंतराबद्दल तो आम्हाला बिनतोड वाटतो. पण आक्रमणाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. कारण तळ्यात मूल पाय घसरून पडलेले असते. युद्धात त्याला कोणीतरी ढकललेले असते, आणि ढकलणारा काठावर उभा असतो. तुम्ही एक मूल काढता तोवर तो दुसरे ढकलतो. पूरग्रस्ताला मदत करताना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. पाण्याची बाजू कोण घेणार! तिथे प्रश्न एकच, किती द्यायचे. आक्रमणग्रस्ताला मदत करताना आणखी एक प्रश्न येतो, हे कोणी केले? तो टाळून नुसती औषधे पाठवली तर मदत अर्धी राहते. आणि नुसता निषेध करून औषधे पाठवली नाहीत, तर आमच्या मते ती अर्धीसुद्धा नाही.

आपल्याकडे शिबी राजाची गोष्ट आहे. ससाण्याच्या भीतीने कबुतर शरण आले, ससाणा म्हणाला माझे भक्ष्य मला दे, तेव्हा राजाने कबुतराच्या वजनाइतके स्वतःचे मांस कापून दिले. किंमत स्वतः मोजायची, एवढा भाग आम्हाला मान्य. पण ससाणा भुकेला होता, शिकार हा त्याचा स्वभाव. राष्ट्र ससाणा नसते. शेजाऱ्याचा प्रदेश खाल्ल्यावाचून ते मरत नाही. म्हणून ही गोष्ट आंतरराष्ट्रीय राजकारणाला लावताना जपून लावावी.

बाजू घेण्यातला धोकाही सांगितला पाहिजे. ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवले, तेच मे १९४३ मध्ये जपानची मदत मागायला टोकियोत होते. कोटणीसांना जाऊन तेव्हा पाच-सहा महिने झाले होते. हे सांगण्यात सुभाषबाबूंचा अधिक्षेप नाही. स्वतःच्या मानेवर पाय असताना माणूस दुसऱ्याच्या मानेकडे किती काळ बघू शकतो, हा प्रश्न आहे. आणि १९६२ मध्ये त्याच चीनचे सैन्य आपल्या सीमेत आले. म्हणजे मदत करून मैत्री विकत मिळत नाही. चिनी नेते पुढेही अनेकदा भारतभेटीत कोटणीस कुटुंबाला भेटत राहिले, त्यांचा आदर खरा होता. पण सीमेवर त्याचा काही उपयोग झाला नाही. तर मग १९३८ ची मदत वाया गेली का? जो हात वाचला, जो पाय वाचला, तो वाया गेला नाही. मदतीचे माप तेवढेच घ्यावे.

आता दुसरे उदाहरण, तेही आपल्या जवळचे. कोल्हापूरजवळचे वळिवडे.

१ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी चालून आला हे सगळ्यांना ठाऊक असते. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया आला, हे कमी लोक सांगतात. पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा नाइलाजाने या पोलिश लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये लाखावर माणसे इराणमध्ये उतरली, त्यांत हजारो बायका-मुले आणि अनाथ. त्यांना कुठे ठेवायचे? जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. आणि १९४३ मध्ये वळिवड्याला मोठी वसाहत उभी राहिली, सुमारे पाच हजार माणसांची. शाळा, दवाखाना, चर्च, नाटके, बालवीर पथके, सगळे तिथे होते. ती १९४८ पर्यंत चालली. एक पोलिश तरुणी कोल्हापूरच्या मराठी घरात सून म्हणून आली आणि जन्मभर तिथेच राहिली.

यातही आपण फुशारकीत थोडे पुढे जातो. तेव्हा राजाराम महाराज निवर्तले होते, गादीवर बालराजे होते आणि कारभार रीजन्सीचा होता. छावणीच्या खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारने उचलला. कोल्हापूरने दिली ती जागा आणि शेजार. आम्हाला शेजार ही लहान गोष्ट वाटत नाही. ज्यांची भाषा कळत नाही, ज्यांचे दुःखही नीट कळत नाही, त्यांच्याशी पाच वर्षे बाजारात, रेल्वे स्टेशनावर सरळपणे वागणे, हे पैशाने होत नाही.

इमॅन्युएल कांट यांनी १७९५ च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात याच गोष्टीला हक्क म्हटले आहे. परका माणूस दारात आला तर त्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, हा उपकाराचा भाग नाही, तो त्याचा हक्क आहे. आणि परत पाठवल्याने त्याचा नाश होणार असेल तर त्याला परत पाठवता येणार नाही. कांट आयुष्यभर एकाच गावात राहिले म्हणून त्यांची चेष्टा होते. पण ते गाव, क्योनिग्सबर्ग, १७५८ ते १७६२ रशियन सैन्याच्या ताब्यात होते आणि तरुण कांट त्या सत्तेखाली शिकवत होते. दारात परके सैन्य म्हणजे काय, ते त्यांनी पाहिले होते.

वळिवड्याच्या लोकांची खरी शोकांतिका युद्धानंतर आली. युद्ध संपले, दोस्त जिंकले, पण यांची घरे ज्या भागात होती तो भाग सोव्हिएत संघात गेला. परत जायला घरच नाही. काही पोलंडला गेले, पुष्कळ जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे पांगले. विजयी बाजूचा एक आक्रमक असल्यामुळे यांच्यावर काय झाले ते मोठ्याने बोलणे कोणाला सोयीचे नव्हते. आणि छावणी रिकामी झाली तेव्हा तिच्या बराकींत कोण आले? फाळणीत सिंधमधून आलेले निर्वासित. आजचे गांधीनगर ते हेच. पिंपरी कॅम्पात ज्यांचे आजी-आजोबा उतरले त्यांना हे सांगायला नको.

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सॉत कोल्हापूरच्या स्मारकाला पुष्पांजली वाहिली. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या भारतीय विद्यार्थ्यांना पोलंडने व्हिसा नसताना आत घेतले. लगेच आपल्याकडे म्हटले गेले, बघा, वळिवड्याची परतफेड झाली. आम्हाला हे फारसे पटत नाही. पोलंडने त्या आठवड्यात युक्रेनमधून येणाऱ्या इतर देशांच्या माणसांनाही घेतले. त्या मुलांना आत घेतले कारण मागे बॉम्ब पडत होते. खारकीवमध्ये १ मार्चला हावेरी जिल्ह्यातला एक विद्यार्थी मारला गेला होता. परतफेड म्हटले की मदतीचे कारण चुकते आणि ज्यांनी आपल्यावर कधी उपकार केले नाहीत ते आपोआप यादीतून बाद होतात.

यादीतून बाद होण्याचे सर्वात कडू उदाहरण आपलेच आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये ४४ राष्ट्रांनी मिळून युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी एक मोठी आंतरराष्ट्रीय संस्था काढली, तिचे आद्याक्षरांचे नाव 'उन्रा'. भारत तिचा सभासद होता. त्याच महिन्यांत बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती; त्या दुष्काळातल्या मृत्यूंचा अंदाज साधारण ३० लाखांचा सांगतात. युद्धाची भाववाढ होती, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद होता, जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्यावरच्या नावा आणि धान्य काढून घेतले होते. नागरिकांची युद्धातली हानी याहून मोठी कुठली? पण उन्राची मदत शत्रूने व्यापलेल्या प्रदेशांसाठी होती. बंगाल शत्रूने व्यापलेला नव्हता. म्हणून त्या मदतीतले बंगालला काही मिळाले नाही. कोणत्या व्याख्येत बसता यावर जीव वाचणे ठरले.

तरीही त्याच संस्थेतून एक चांगली गोष्ट निघाली आणि ती थेट पिंपरीपर्यंत आली. उन्रा गुंडाळताना उरलेला पैसा मुलांसाठी वापरावा, अशी कल्पना लुडविक राइखमान या पोलिश डॉक्टरांनी मांडली. हे गृहस्थ राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाचे प्रमुख होते, १९३० च्या दशकात चीनमध्येही सल्लागार होते. त्यातून डिसेंबर १९४६ मध्ये युनिसेफ जन्मली, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या मुलांसाठी. पहिले अध्यक्ष राइखमानच. पुढे याच युनिसेफने यंत्रसामग्री दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले, तेव्हा १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. भारतात पेनिसिलिन सरकारी कारखान्यात बनू लागले ते इथे. त्या कारखान्याचे पुढे काय झाले ते इथे बसलेल्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण पिंपरी ही औद्योगिक नगरी म्हणून उभी राहिली त्याच्या पायातला एक दगड दुसऱ्यांच्या युद्धाच्या राखेतून आलेला आहे. पत्ता लागत नाही, मदत कुठून निघते आणि कुठे पोचते.

आता 'काय करायचे' याकडे येतो. १९७१ आठवणारी मंडळी इथे आहेत. सुमारे एक कोटी निर्वासित आले होते. त्या वर्षी सरकारने टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले, शरणार्थी सहायतेचे. पत्र लिहायचे तर ते पाच पैसे लावायचेच. कांट ज्याला अपूर्ण कर्तव्य म्हणतात, म्हणजे किती द्यायचे, केव्हा द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, अशा कर्तव्याचे सरकारने त्या तिकिटाने रोजच्या व्यवहारात रूपांतर केले. कोणी त्याला त्याग म्हटले नाही. आम्हाला हा नमुना कोटणीसांच्या नमुन्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण कोटणीस हजारांत एक होतो आणि पाच पैसे सगळ्यांना जमतात.

आजची स्थिती उलटी आहे. युद्धापूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२३ पर्यंत एक तृतीयांशाच्या वर गेला. तेल सवलतीत मिळाले. गरीब देशाने महाग तेल का घ्यावे, हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. १९३८ च्या कापूसवाल्याचा प्रश्नही तोच होता. पण जिथे आपल्याला त्या युद्धातून सवलत मिळते, तिथे त्या युद्धातल्या जखमींचे आपल्यावरचे देणे वाढते की कमी होते? आम्ही म्हणू, वाढते. नोव्हेंबर २०२३ मध्येच युक्रेनमधल्या नागरिकांच्या मृत्यूंची संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेली संख्या दहा हजारांच्या पुढे गेली होती. भारताने औषधे पाठवली, ऑगस्ट २०२४ मध्ये आपत्कालीन उपचारांचे चार 'भीष्म' संच दिले. चांगलेच केले. समाज म्हणून आपण काय पाठवले?

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, युक्रेनच का, गाझा का नाही, सुदान का नाही. प्रश्न रास्त आहे, विचारणाऱ्याचा हेतू मात्र बघावा लागतो. गाझातल्या मुलासाठी काही करायचे म्हणून विचारत असेल तर त्याला पुढे येऊ द्या. दोघांसाठीही काही करायचे नाही म्हणून विचारत असेल तर तो प्रश्न नव्हे, ती पळवाट.

शेवटी एक ठोस गोष्ट. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी सुरू झालेले. सुरुंगाने पाय गेलेल्या माणसाला कृत्रिम पाय बसवला म्हणजे काम संपत नाही. सॉकेट सैल होते, घासते, बदलावे लागते. आणि मूल असेल तर ते वाढते. दर वर्षा-दोन वर्षांनी नवा पाय लागतो, ते मोठे होईपर्यंत. तोफा थांबल्या तरी युक्रेनमध्ये, गाझामध्ये ही गरज पुढची वीस वर्षे राहणार आहे. हलके धातू, प्लास्टिक मोल्डिंग, नेमके मशिनिंग, हे सगळे भोसरी ते चाकण या पट्ट्यात रोज होते. इथले लघुउद्योजक, तंत्रनिकेतनातले शिक्षक आणि अस्थिशल्यचिकित्सक एका टेबलाशी बसले तर काय करता येईल हे आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराने सांगायचे नाही. पण ज्या तरुणाने मागच्या वेळी प्रश्न विचारला तो मशीन शॉपमध्ये आहे असे कळले. तो आज आला असेल तर पहिला माइक त्याच्याकडे द्या.